धुतल्या ट्रॅक्टराची व दोघी जावांची हकीकत

श्री. जी भूमी सर्वांचे पाय सोसते आणि तुडविली तरी फिरून हिरवी होते, तीस आधी नमस्कार. आणि पाणी व अग्नी या उभयतांस नमस्कार, की ज्यांचे परस्परांशी पटत नाही आणि ज्यांवाचून कोणाचे चालत नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास, वद्य पक्ष, ते समयी एका राज्यात जे वर्तले ते ऐकिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. शहर सरून ऊस सुरू होतो तेथे कालव्याच्या काठी ते राज्य. एका अंगास कालवा, एका अंगास डांबरी सडक, मागे पेट्रोल पंप आणि बाजूस एका डॉक्टराचे पडीक शेत, ऐशी चतुःसीमा. आत लग्नाचे कार्यालय, आणि कार्यालयापुढे थोर विस्ताराचे हिरवळीचे मैदान, ज्यास लोक लॉन म्हणतात. लग्ने त्या लॉनवर लागत आणि पंगती कार्यालयात बसत, आणि यावरच त्या राज्याचा योगक्षेम चालत असे.

हे राज्य रासकर कुळीच्या दोघां बंधूंनी उभे केले. थोरले बबनराव, त्यांनी इमारत बांधविली. धाकटे रमाकांतराव, त्यांनी गवत लाविले. गवत लाविले म्हणजे गड्यांस सांगून लाविले ऐसे नव्हे, तर खासा उकिडवे बसून, मूठमूठ रोप हाताने खोचून, कालव्याचे पाणी पाजून, खडा वेचून, मुलासारिखे वाढविले. पुढे थोरले दीर्घ दुखण्याने दवाखान्यात वारले. धाकट्यांचे तैसे झाले नाही. एके दिवशी भर दुपारी ते एकटेच गवतास पाणी देत होते आणि बकुळीच्या झाडाखाली कोसळले, आणि नळी तशीच वाहत राहिली, आणि पाणी सडकेपर्यंत गेले तेव्हा कोणाच्या ध्यानी आले. तेव्हापासून राज्याचा कारभार दोघी जावांकडे आला. थोरल्या बाईसाहेब शशिकलाबाई, अंगाने भरदार, गुडघ्यांनी अधू, बोलणे मोजके. त्यांजकडे कार्यालय, भटारखाना, नवरीची खोली आणि आल्यागेल्याचे बोलणे. धाकट्या बाईसाहेब हेमलताबाई, अंगाने काटकुळ्या, उन्हाने रापलेल्या, स्वभावे हट्टी. त्यांजकडे गवत, झाडे, फुलांचे वाफे आणि गवत कापावयाचा छोटा ट्रॅक्टर. हा ट्रॅक्टर नारिंगी रंगाचा, बसावयास एक काळी गादी, पोटाखाली फिरती पाती, पेट्रोल पिणारा, आणि रमाकांतरावांनी हौसेने घेतलेला. हेमलताबाईंनी तो चालविणे त्यांच्या माघारी शिकून घेतले आणि दुसऱ्या कोणास त्या गादीवर कधी बसू दिले नाही.

ऐसे चालत असता मध्येच एक मसलत उभी राहिली. थोरल्या बाईसाहेबांचे चिरंजीव निनादराव राजधानीत संगणकाच्या नोकरीस होते. मुलगा भला, काकूवर जीव असलेला, परंतु नव्या चालीचा. त्याने आईपाशी गोष्ट काढिली की आजकाल मोठमोठ्या कार्यालयांत खोट्या गवताचा गालिचा अंथरतात, त्यास पाणी नको, खत नको, कापणे नको, बारमाही हिरवा. आपणही तोच करावा आणि काकूस विश्रांती द्यावी. त्यावर थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या की या मोसमाचे पहिले लग्न पार पडू दे, मग ठरवू. इतकेच बोलणे जाहले. परंतु ते भटारखान्यात जाहले, आणि खिडकीबाहेर हेमलताबाई कढीपत्ता तोडीत होत्या, आणि त्यांनी ते अक्षरशः ऐकिले. ऐकून विचारावयास आत गेल्या नाहीत. मनात इतकेच धरिले की आपणांस दूर करावयाचे घाटत आहे. गवत गेले की ट्रॅक्टर गेला, ट्रॅक्टर गेला की आपले काम गेले, मग कोपऱ्यातील खोलीत बसून मालिका पाहावयाची आणि दोन वेळा जेवावयाचे. त्या दिवसापासून दोघींमध्ये भांडण म्हणून नव्हते, परंतु बोलणे तुटक जाहले. चहा एकत्र होई, पण एकीने कप ठेविला की दुसरी उठे.

मग तुळशीचे लग्न लागले आणि मोसम सुरू जाहला. पहिले लग्न एका शिक्षकाच्या मुलीचे, दुसरे दिवशी गोरज मुहूर्तावर. चातुर्मासात पावसाने गवत गुडघ्यास लागले होते. हेमलताबाई सकाळी उन्हे येताच ट्रॅक्टरावर बसल्या आणि दुपारपर्यंत निम्मे मैदान उरकिले. परंतु गवत आतून ओले, आणि जागोजागी चिखल, त्यामुळे पात्यांवरील पत्र्याच्या घुमटीत लगदा बसला, चाके माखली, आणि नारिंगी रंग कोठे दिसेना. त्याच संध्याकाळी निनादराव गालिच्याचा नमुना घेऊन येणार होते. हेमलताबाईंच्या मनात आले की त्याने गवत पाहावे तसा ट्रॅक्टरही लखलखीत पाहावा, म्हणजे हे सर्व आपण कैसे राखिले आहे ते न बोलता त्यास कळेल. म्हणून खुर्च्या धुवावयाचा जोराच्या पाण्याचा पंप त्यांनी ओढून आणिला आणि ट्रॅक्टर छपरीपुढील फरशीवर घेऊन नखशिखांत धुतला. घुमटी धुतली, चाके धुतली, आणि गादी उचलून तिच्याखाली उंदरांनी साठविलेला पाचोळा होता तोही पाण्याच्या धारेने उडविला. मग जुन्या धोतराने पुसून, दोन पावले मागे सरून पाहिले, आणि समाधान पावल्या. त्यानंतर जेवण केले, परत आल्या, गादीवर बसल्या, ब्रेक दाबिला, चावी फिरविली, आणि काहीच जाहले नाही. इंजिन फिरले नाही, खोकले नाही, टक्‌ म्हणून आवाजही आला नाही. दुसऱ्यांदा फिरविली तरी तेच. पुढे निम्मे मैदान दाढी अर्धी राहिलेल्या माणसासारिखे दिसत होते, आणि उद्या तेथे मांडव पडणार होता.

हेमलताबाई उतरून छपरीच्या खांबास टेकून क्षणभर उभ्या राहिल्या. मनात पहिला विचार आला तो यंत्राचा नव्हे, तर लोक काय म्हणतील त्याचा. की बघा, चालता ट्रॅक्टर बाईने धुऊन मारिला. मग स्वतःस सावरून, पती कैसे करीत ते आठवून, त्या एकेका गोष्टीस लागल्या. आधी टाकीचे झाकण काढून पाहिले. पेट्रोल होते, आणि त्यात पाण्याचा थेंब दिसला नाही. मग पुढचे दिवे लावून पाहिले. दिवे लख्ख लागले, म्हणजे बॅटरी जिवंत होती. बॅटरीच्या तारा सोडून, पुसून, फिरून आवळिल्या. मग प्लग काढिला, तो ओला होता, तो फडक्याने कोरडा करून उन्हात ठेविला. हवेची जाळी काढिली, तीही ओली, तीही उन्हात ठेविली. सर्व वाळल्यावर बसवून चावी फिरविली, आणि यंत्र तैसेच मुके. तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की आपण भलत्याच दारी हाका मारीत आहो. प्लग ओला असता तर इंजिन निदान फिरले तरी असते, मग पेटले नसते. येथे तर ते फिरतच नाही, म्हणजे चावीपासून इंजिनापर्यंत वीजच जात नाही. वाटेत कोठेतरी तिला अडविले आहे.

मग त्यांनी दस्तगीर मिस्त्रीस फोन लाविला. हा मिस्त्री त्या राज्याच्या सर्व यंत्रांचा वैद्य, परंतु त्या दिवशी लेकीच्या सासरी नातवाच्या बारशास परगावी गेलेला. पाठीमागे बायकांचे गाणे आणि भांड्यांचा गलका. त्याने सर्व ऐकून घेतले आणि सांगितले की घाबरू नये, पाण्याने असे होते. आधी फ्यूज पाहावा. तो बरा असेल तर या ट्रॅक्टराला राखण म्हणून बारीक खटके बसविलेले असतात, ब्रेक दाबला नसेल किंवा पाती चालू ठेविली असतील तर ते सेल्फ लागू देत नाहीत. त्यांत पाणी शिरले असेल, ते वाळवावे. आणखीही तो काही सांगत होता, परंतु तिकडे कोणी त्यास पाळण्याची दोरी धरावयास बोलाविले आणि फोन तुटला. हेमलताबाईंनी फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. पात्यांचा खटका पाहिला, तो वर असल्याने कोरडा होता. ब्रेकच्या पेडलाखालचा खटका मात्र भिजलेला, आणि अशा सांदीत की फडके पोहोचेना, ऊनही पोहोचेना. गरम वारा मारिल्याशिवाय तो वाळेना.

गरम वाऱ्याचे साधन त्या राज्यात एकच होते. नवरीच्या खोलीत केस वाळवावयाचा ड्रायर होता, आणि ती खोली थोरल्या बाईसाहेबांच्या अमलाखाली, आणि तेथील वस्तू बाहेर न्यावयाची नाही ऐसा त्यांचा दंडक. हेमलताबाईंनी मागितला असता तर कारण सांगावे लागले असते. म्हणून न मागता, चप्पल बाहेर काढून, अनवाणी त्या खोलीत गेल्या. आत आरशापुढे उद्याच्या नवरीसाठी हळदीकुंकवाचे ताट मांडून ठेविले होते, आणि आरशात त्यांस आपला चेहरा दिसला. गालावर ग्रीस, केसांत गवत. इतक्या वर्षांत या खोलीत आपण कितीदा आलो, ते त्यांस आठवेना. ड्रायर पदराखाली घेऊन त्या मागच्या दाराने निघाल्या. ट्रॅक्टर छपरीतील कोरड्या फरशीवर ढकलला, विजेचा बोर्ड ओढून आणिला, आडव्या जाहल्या, आणि ट्रॅक्टराखाली डोके घालून ब्रेकच्या खटक्यावर गरम वारा सोडू लागल्या.

काही वेळाने ड्रायरच्या घरघरीपलीकडे पावलांचा आवाज आला. एक पाय टेकून दुसरा ओढीत चालणारी पावले त्या राज्यात एकीचीच. हेमलताबाईंनी ड्रायर बंद केला, पण बाहेर आल्या नाहीत. त्यांस ट्रॅक्टराखालून फक्त जरीकाठ आणि सुजलेले घोटे दिसत होते.

“ड्रायर कुठं गेला ते बघायला आले,” थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या.

“ठेवते आणून, आक्का.”

“ठेव. काय झालंय?”

हेमलताबाईंच्या मनात होते की काही नाही म्हणावे. परंतु आडवे पडून, डोक्यावर यंत्र घेऊन खोटे बोलणे त्यांस जमेना, आणि त्यांनी खालूनच सर्व सांगितले. की मीच धुतला, मीच बिघडविला, आणि कशासाठी धुतला तेही. बोर्डाची वायर ओढली जात होती ती थोरल्या बाईसाहेबांनी सैल करून धरिली, आणि कर ऐसे म्हणाल्या. मग पुष्कळ वेळ एक वारा मारीत होती आणि दुसरी वायर धरून उभी होती. खटका वाळला. हेमलताबाई बाहेर आल्या, गादीवर बसल्या, चावी फिरविली, आणि यंत्र मुकेच राहिले. त्या उतरल्या आणि फरशीवरच बसल्या, आणि त्यांनी पदराने तोंड पुसले, परंतु घाम पुसत होत्या की आणखी काही, ते थोरल्यांनी पाहिले नाहीसे केले.

मग हेमलताबाई जमिनीकडे पाहत बोलल्या की आक्का, गालिच्याचे मी ऐकिले आहे. आणा गालिचा, मी आड येत नाही. माझे तुम्हांस ओझे झाले असेल तर तसे तोंडावर सांगावयाचे होते, पोराच्या तोंडून कशाला. थोरल्या बाईसाहेबांचे गुडघे दुखत होते, आणि छपरीत बसावयास दुसरे काही नव्हते, म्हणून ट्रॅक्टराचे चाक धरून, दांडीस हात देऊन, कष्टाने चढून त्या काळ्या गादीवर बसल्या. तेथून त्यांस बकुळ दिसत होती.

“भाऊजी तिथं पडले तेव्हा मी भटारखान्यात होते,” त्या म्हणाल्या. “पुरणाला बसले होते. पंखा चालू, भांडी चालू. त्यांनी हाक मारली असेल का नसेल, मला कधी कळलं नाही. मला ऐकू आलं नाही, एवढंच खरं. आता तू रोज त्याच उन्हात एकटी असतेस. ट्रॅक्टरचा आवाज थांबला की माझा हात थांबतो. पुन्हा सुरू झाला की मी पुन्हा लाटायला घेते. किती वर्षं असं करू, हेमा? गवत नसतं तर तू आत असतीस.”

हेमलताबाईंनी मान वर केली. इतकी लांब गोष्ट आक्कांनी सलग सांगितलेली त्यांनी आजवर ऐकिली नव्हती.

“गवत नसतं तर मी कुठं असते, आक्का?” त्या हळूच म्हणाल्या. “त्यांचं राहिलंय काय दुसरं? आत बसवलंत तर मी जिवंत राहीन, पण कशासाठी ते मला सांगता येणार नाही.”

ऊन कलू लागले होते आणि काम पडलेले होते. हेमलताबाई उठल्या आणि म्हणाल्या की बसल्याच आहात तर एवढे करा, हा डावा पाय येथे पूर्ण दाबून धरा आणि मी सांगते तेव्हा चावी फिरवा, म्हणजे खाली कोठे टक्‌ वाजते का ते मी ऐकते. थोरल्या बाईसाहेबांनी जन्मात सायकलही चालविली नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलून ब्रेकवर ठेविला आणि भार घातला. हेमलताबाई वाकून कान लावून म्हणाल्या, फिरवा. त्यांनी चावी फिरविली, आणि ट्रॅक्टर एकदम गर्जून उठला. थोरल्या बाईसाहेबांनी दांडीस मिठी मारिली आणि डोळे मिटून घेतले. हेमलताबाई मागे फेकल्यागत बसल्या आणि मोठ्याने हसू लागल्या, आणि हसता हसता हातानेच खूण केली की उतरा, मी बसते. थोरल्या उतरल्या, तसे इंजिन गपकन बंद पडले. हेमलताबाई बसल्या, चावी फिरविली, मुके. थोरल्या फिरून चढल्या, सुरू. धाकट्या चढल्या, मुके. ऐसे जाहले तेव्हा हेमलताबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्यांनी गादी उचलून पाहिले. गादीखाली आणखी एक खटका होता, बसणाऱ्याच्या भाराने दबणारा. पाचोळा उडविताना त्याच्या फटीत चिखल जाऊन बसला होता आणि तो ताठ जाहला होता. हेमलताबाईंच्या काटकुळ्या अंगाने तो पुरता दबत नव्हता, थोरल्यांच्या भाराने दबत होता. सकाळी जो ट्रॅक्टर त्यांस ओळखीत होता, तो आता गादीवर कोणी बसले आहे हेच मानीत नव्हता.

खटका सांदीत घट्ट, स्क्रू गंजलेले, काढता येईना. मिस्त्रीस फिरून फोन केला. तो म्हणाला की हेच मी मघा सांगत होतो. परवा येऊन बदलून देतो. हेमलताबाईंनी विचारिले की गादीस तांदळाचे पोते बांधिले तर भार होईल, किंवा त्या खटक्याच्या दोन तारा जोडून दिल्या तर. मिस्त्रीने ताबडतोब नको म्हटले. तो म्हणाला की तारा जोडल्या तर ट्रॅक्टर चालेल, पोते बांधले तरी चालेल, पण मग चालविणारा माणूस खाली पडला तरी पाती फिरत राहतील. खटका आहे तो त्यासाठीच आहे, बाई, तेवढे करू नका. फोनचा आवाज मोठा असल्याने हे थोरल्या बाईसाहेबांनीही ऐकिले. हेमलताबाईंनी फोन ठेविला आणि विळा कोठे आहे ते पाहू लागल्या, परंतु निम्मे मैदान विळ्याने उद्यापर्यंत उरकावयाचे नाही हे त्या जाणत होत्या.

थोरल्या बाईसाहेब गादीवरच होत्या. त्यांनी पदर कमरेस घट्ट खोचिला.

“मी चालवते,” त्या म्हणाल्या. “तू सांग कसं ते.”

हेमलताबाईंस आधी वाटले की चेष्टा आहे; परंतु आक्का चेष्टा करीत नसत. मग त्यांनी समजावून दिले. हे पेडल दाबिले की पुढे, सोडिले की उभा. हे दुसरे पेडल ब्रेक. ही कळ वर केली की पाती चालू. आणि घाबरलात तर काही आठवू नका, नुसते उठून उभे राहा, आपोआप सगळे थांबेल. थोरल्या बाईसाहेबांनी हे सर्व एकदा तोंडाने म्हणून पाहिले. मग स्वारी छपरीतून निघाली. गोगलगायीच्या चालीने, दोन्ही हातांनी चक्र धरून, ओठ आवळून शशिकलाबाई मैदानात शिरल्या, आणि हेमलताबाई पात्यांपासून लांब, पुढे उलट्या चालत, हाताने डावे उजवे दाखवीत चालल्या. पहिली रेघ वाकडी गेली. दुसरीने झेंडूच्या वाफ्याची एक बाजू नेली. थोरल्या थांबून म्हणाल्या की तुझी फुले गेली; त्यावर हेमलताबाईंनी हात हलविला की जाऊ द्या, पुढे पाहा. तिसऱ्या रेघेपासून ट्रॅक्टर सरळ जाऊ लागला. चौथ्या रेघेस थोरल्यांचे खांदे सैल पडले. पुढे पुढे तर वळणावर त्या खुणेची वाट पाहीनात. कापल्या गवताचा वास सुटला, आणि बगळे मागोमाग किडे टिपीत चालले, आणि बकुळीपाशी आल्यावर शशिकलाबाईंनी वेग कमी केला, तिला एक फेरा घातला, आणि मग पुढे गेल्या. हेमलताबाई तेथे थांबल्या होत्या. त्यांनी मान वळविली आणि डॉक्टराच्या शेताकडे पाहत राहिल्या.

दिवेलागणीच्या आधी निनादरावांची गाडी दारात आली. काखेत गालिच्याची गुंडाळी घेऊन ते उतरले, आणि पुढे पाहून जागच्या जागी उभे राहिले. आई ट्रॅक्टरावर होती. ते धावत मैदानात आले आणि काय चालविले आहे ऐसे विचारू लागले.

“बाजूला हो, पाती चालू आहेत,” त्या म्हणाल्या, आणि ती रेघ पुरी करूनच थांबल्या. मग उठून उभ्या राहिल्या, यंत्र बंद जाहले, आणि दोघींनी मिळून त्यांस खाली उतरविले. निनादरावांनी सर्व हकीकत ऐकिली. ऐकून हसले नाहीत. काकूकडे वळून म्हणाले की गवताचे मला काही नाही, काकू. पण काकांसारखे तुझे झाले तर, तू येथे एकटी असलीस तर, हे मनातून जात नाही. तेव्हा हेमलताबाईंस कळले की मायलेकांचे भय एकच होते, आणि आपण त्याचा अर्थ खिडकीबाहेर उभे राहून भलताच लाविला. त्यांनी पुतण्याच्या डोक्यावर हात ठेविला. हातास ग्रीस होते ते राहून गेले. थोरल्या बाईसाहेबांनी गुंडाळी उलगडून पाहिली, तिच्यावर तळहात फिरविला, आणि परत गुंडाळून मुलाच्या हाती दिली. हा नको, इतकेच म्हणाल्या. मग मुलाच्या खांद्यावर भार देऊन कार्यालयाकडे निघाल्या, कारण उद्याच्या पंगतीचे मसाले भाजावयाचे राहिले होते.

दुसरे दिवशी शिक्षकाच्या मुलीचे लग्न त्या हिरवळीवर यथासांग लागले. वऱ्हाडाने वाकड्या रेघांकडे पाहिले नाही, मुले गवतावर लोळली, आणि एका म्हाताऱ्या व्याह्याने वहाणा काढून मांडवभर फिरून घेतले. मिस्त्री ठरल्याप्रमाणे आला आणि नवा खटका बसवून गेला, आणि ट्रॅक्टर हेमलताबाईंस पूर्ववत ओळखू लागला. निनादराव राजधानीस परतले. ऐशी ही हकीकत. सारांश, यंत्रात पाणी गेले ते उन्हाने व मिस्त्रीने निघाले. मनात गेले होते ते दोघींनी बोलून काढिले. राज्य दोघींचे होते ते दोघींचेच राहिले, आणि हद्दीही त्याच राहिल्या. फेर पडला तो इतकाच की ज्या दिवशी गवत कापावयाचे असे, त्या दिवशी थोरल्या बाईसाहेब भटारखान्यातील खुर्ची बाहेर आणवीत, ती बकुळीच्या सावलीत मांडवीत, आणि मेथीची जुडी, परात व विळी घेऊन तेथेच भाजी निवडीत बसत. इति.